किनाऱ्यावरून १० मीटरपर्यंतची डाइव्ह: हवा, भरती आणि वजनाचं गणित कसं बसवायचं?

वाळूतळ

नमस्कार मंडळी. मी आणि माझा बडी (डाइव्हचा जोडीदार), दोघांकडेही ओपन वॉटर हे सुरुवातीचं डायव्हिंग प्रमाणपत्र आहे. आता प्रशिक्षकाविना दोघांनीच डाइव्ह करायची आहे, म्हणून जागा मुद्दाम सोपी निवडली आहे. किनाऱ्यावरून चालत उतरायचं, वाळूचा हळूहळू उतार, ५ मीटरवर खडकांची रांग सुरू होते आणि तिच्या समुद्राकडच्या टोकाला वाळू १० मीटरवर आहे. त्यापलीकडे जायचं नाही.

सामान: प्रत्येकी ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर, २०० बार (बार हे दाबाचं एकक) भरलेला. ५ मिमीचा वेटसूट. दोघांकडे डाइव्ह कॉम्प्युटर, माझ्याकडे होकायंत्र.

अडलंय ते असं:
१) कॉम्प्युटर १० मीटरला दोनशेच्या वर मिनिटं दाखवतो. मग वेळ कशावरून ठरवायची? ५० बार उरले की वर निघायचं, एवढं पुरेसं आहे का?
२) भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकं काय बघायचं?
३) पूलमध्ये ३ मिमीच्या सूटवर बसलेलं वजन समुद्रात किती वाढवायचं?
४) एवढ्या उथळ पाण्यात बिघडतं ते काय आणि का?

खोलीमापक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

१० मीटरवर शरीरात विरघळणारा नायट्रोजन तुम्हाला थांबवणार नाही, हवा थांबवेल. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात विनाथांबा मर्यादा (वर येताना सक्तीचा थांबा न घेता खाली राहता येईल तो वेळ) १० मीटरला २१९ मिनिटं, १२ ला १४७ आणि १८ ला ५६ आहे. तुमचा सिलिंडर त्याच्या कितीतरी आधी संपेल. म्हणून कॉम्प्युटरवरच्या त्या मोठ्या आकड्याकडे बघून निश्चिंत होऊ नका, तो हवेबद्दल काहीच सांगत नाही.

हिशोब असा. नवीन डाइव्हर पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० ते २५ लिटर हवा घेतो. २० धरू. १० मीटरवर एकूण दाब २ बार, म्हणजे तीच छाती भरायला दुप्पट हवा लागते: मिनिटाला ४० लिटर. ४० ला ११.१ ने भागलं की ३.६. म्हणजे गेजचा (सिलिंडरातला दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मिनिटाला ३.६ बार, पाच मिनिटांत १८ बार उतरायला हवा. पहिल्या पाच मिनिटांतच २५ पेक्षा जास्त उतरला तर तुम्ही घाईत आहात, वजन जास्त झालंय किंवा कुठेतरी गळती आहे. तिथेच थांबून बघा.

आता ५० बारचं. तो आकडा पाण्याबाहेर येताना शिल्लक असावा असा आहे. वर कधी निघायचं ते वेगळ्या हिशोबाने ठरतं: सगळ्यात वाईट क्षणी बडीची हवा गेली आणि दोघं एकाच सिलिंडरवर आलात तर किती लागेल? घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरा, दोघांचे ६०.

तळाशी सावरायला २ मिनिटं, २ बारवर: २४० लिटर.
वर यायला २ मिनिटं, सरासरी दीड बारवर: १८० लिटर.
५ मीटरवर ३ मिनिटांचा सुरक्षेचा थांबा, दीड बारवर: २७० लिटर.

बेरीज ६९० लिटर, म्हणजे तुमच्या सिलिंडरात ६२ बार. वर पूर्णांक करून ७० धरा. गेज ७० ला येईल तेव्हा तुम्ही १० मीटरवर नसलं पाहिजे, परतीच्या वाटेवर बरेच वर आलेले असायला हवं.

मग खर्चायला राहिले २०० वजा ७०, म्हणजे १३० बार. किनाऱ्यावरूनच परत यायचं आहे, म्हणून त्याचे दोन भाग: जायला ६५, यायला ६५. परत वळण्याचा आकडा १३५ बार. दोघांपैकी ज्याचा गेज आधी १३५ दाखवेल त्याच्यावर दोघंही वळतात, दुसऱ्याकडे १५५ असले तरी. सिलिंडर कमी भरलेला मिळाला तर हिशोब नव्याने करा. १८५ बार असतील तर ११५ खर्चायला, अर्धे साडेसत्तावन्न, वळण १३० ला.

एक गोष्ट हमखास सुटते. सिलिंडर उन्हात तापला असेल तर गेज जास्त दाखवतो. २०० बारला साधारण प्रत्येक अंश सेल्सिअसमागे ०.७ बार. पाण्यात उतरून १५ अंशांनी थंड झाला की १० बार न वापरताच गेले. म्हणून वळणाचा आकडा किनाऱ्यावरच्या गेजवरून पक्का करू नका. पाण्यात दोन-तीन मिनिटं झाल्यावरचं वाचन धरा.

आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी सवय सोडा, कारण तिच्यामुळे जवळजवळ बंद असलेला व्हॉल्व्हही उघडा वाटतो. खात्री अशी करायची: गेजकडे बघत रेग्युलेटरमधून (ज्यातून सिलिंडरची हवा तोंडात येते त्यातून) चार मोठे श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. उथळात तो कसाबसा पुरतो, खोलीवर श्वास ओढायला जड जातो.

उधाणभरती

भरतीबद्दल मी सांगते, पण आधी एक उलट प्रश्न. तुमचे १० मीटर कुठल्या वेळचे? नकाशावरची खोली साधारणपणे ओहोटीच्या नीचतम पातळीपासून मोजलेली असते. तक्त्यात त्या वेळची भरती अडीच मीटर असेल तर तीच वाळू साडेबारा मीटरवर असते. वर खोलीमापकांनी केलेला सगळा हिशोब मग २.२५ बारवर करावा लागतो: मिनिटाला ४५ लिटर, म्हणजे ४ बारच्या थोडं वर.

आता तक्ता. एका ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात, आणि पाणी त्या सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. अंदाजाला बारा भागांचा नियम चांगला: पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, आणि शेवटच्या तासाला परत एक. ३ मीटरचा चढ असेल तर पहिल्या आणि सहाव्या तासात पाव मीटर, मधल्या दोन तासांत प्रत्येकी पाऊण मीटर. मधल्या तासांत प्रवाह सगळ्यात जोरदार, शिखराच्या आसपास पाणी जवळजवळ थांबतं. तुमची डाइव्ह त्या थांबलेल्या पाण्यात बसवायची.

ओहोटीपेक्षा भरतीचं शिखर निवडा. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. ओहोटीला किनाऱ्याचा गाळ बाहेर निघतो आणि दिसणं कमी होतं. समजा ११ वाजता भरती पूर्ण होते. १०:४० ला डोकं पाण्याखाली गेलं पाहिजे, ११:१५ ते ११:२० पर्यंत किनाऱ्यालगत परत. खाडीच्या तोंडाशी किंवा अरुंद जागी पाणी थांबण्याची वेळ तक्त्यातल्या वेळेपेक्षा मागे-पुढे असते, तिथे माहीतगार माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये.

दिवस निवडायला मिळत असेल तर अष्टमीच्या आसपासचा घ्या. भांगाच्या भरतीला चढ-उतार कमी, म्हणून प्रवाहही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हाच किनारा वेगळाच वागतो.

तक्त्याइतकीच महत्त्वाची, आणि बहुतेक जण बघतच नाहीत अशी गोष्ट म्हणजे लाटांचा कालावधी, दोन लाटांमधले सेकंद. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते, आणि खोल समुद्रात लांबी मीटरमध्ये कालावधीचा वर्ग गुणिले १.५६. जवळच्या वाऱ्याने उठलेली ४ सेकंदांची लाट २५ मीटर लांब, तिचा परिणाम साडेबारा मीटरपर्यंत आणि तळाशी अगदी क्षीण. दुरून आलेली १० सेकंदांची लाट १५६ मीटर लांब, तिचा परिणाम ७८ मीटरपर्यंत. वरून ती गुळगुळीत, निरुपद्रवी दिसते. ५ मीटरवरच्या खडकांपाशी मात्र पाणी तुम्हाला दोन-तीन मीटर पुढे नेतं आणि मागे आणतं. त्या हेलकाव्याशी झगडण्यात हवा जाते आणि गुडघे खडकाला घासतात. अर्धा मीटर उंचीची पण १० सेकंदांची लाट असेल तर मी खडकांची रांग सोडून वाळूवरूनच जायला सांगेन. एक मीटरची असेल तर डाइव्ह नको.

उतरण्यापूर्वी सामान न चढवता १० मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून बघा. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मधे शांतता असते, आणि पहिल्या दोन मिनिटांत ती शांतताच दिसू शकते. लाटा न फुटणारा, फेस आणि गढूळ पाणी बाहेर ओढत नेणारा पट्टा दिसला तर तो परतीचा प्रवाह आहे. उतरायला ती जागा सोपी वाटते, बाहेर यायला तीच सगळ्यात वाईट.

अर्धाश्वास

वर दोघांनीही पक्कं लिहिलंय. वजनाचं माझ्याकडे.

पूलचं पाणी गोडं, समुद्राचं सुमारे अडीच टक्के जड. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून १०० किलो होत असेल तर गोड्यातून खाऱ्यात जाताना अडीच किलो वाढतात. शिवाय सूट ३ वरून ५ मिमीचा, आणि नवा सूट वापरलेल्यापेक्षा जास्त तरंगतो. सूटचा आकडा इथून कुणी सांगू शकत नाही, तो पाण्यात मोजायचा.

मोजायची पद्धत: जिथे पाय टेकत नाहीत अशा पाण्यात पूर्ण सामान चढवून, रेग्युलेटर तोंडात ठेवून बीसीडी (हवा भरून तोल सांभाळायचं जाकीट) पूर्ण रिकामी करा. नेहमीचा श्वास घेऊन धरा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं. श्वास सोडलात की हळूहळू बुडायला हवं. हे जवळजवळ रिकाम्या, ५० बारच्या सिलिंडरवर करायचं. भरलेल्यावर करत असाल तर वर २ किलो घाला, कारण १५० बार हवेचं वजन ११.१ लिटरच्या सिलिंडरात तेवढंच असतं. ॲल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी तरंगायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही ५ मीटरवर थांबण्याचा प्रयत्न करत असता. वजन कमी असेल तर तिथे टिकता येत नाही.

यावर नवीन मंडळी जास्तीचं वजन लावून मोकळी होतात. खरा घोटाळा तिथेच सुरू होतो. ३ किलो जास्त म्हणजे तोलायला बीसीडीत ३ लिटर जास्त हवा, आणि ती हवा वर येताना फुगते. ३० वरून २५ मीटरवर आलात तर आकारमान फक्त १४ टक्क्यांनी वाढतं. १० वरून ५ वर आलात तर ३३ टक्के. ५ वरून पृष्ठभागावर ५० टक्के. म्हणून तोल सांभाळायला उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा अवघड आहे. ‘फक्त ५ मीटर’ म्हणून सैल राहणाऱ्याला ते बुचासारखं वर फेकतं.

हवा सोडतानाची नेहमीची चूक: आडवं पोहत असताना इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायच्या-सोडायच्या नळीचं) बटण दाबणं. हवा बीसीडीच्या सगळ्यात उंच भागात, म्हणजे पाठीवर असते. नळी तिथून खाली लोंबते, म्हणून काहीच बाहेर येत नाही. डोकं वर, पाय खाली, डावा हात उंच करून नळी वर धरा आणि मग थोडी थोडी सोडा. किंवा मागचा झडपेचा दोरा ओढा. फुग्यांचा आवाज आला म्हणजे निघाली. वर यायला लागल्याचं जाणवल्यावर सोडू नका, त्याआधी सोडा.

छोटे चढ-उतार फुप्फुसांनी सांभाळायचे. श्वास घेतल्यावर शरीर वर जायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढं न थांबता लगेच बीसीडी फुगवली की दोन्ही परिणाम एकदम येतात.

चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. भरलेल्या छातीने श्वास रोखून सव्वा-दीड मीटर वर येणंसुद्धा फुप्फुसाला इजा करायला पुरेसं आहे. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी खोली लागत नाही, पूलमध्येही होतं. श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हा हळू ‘आऽऽ’ करत बारीक फुगे सोडत राहायचं.

वाळूतळ

खूपच उपयोगी. चौकशी केली: १० मीटर ओहोटीचेच होते, आणि त्या दिवशीची भरती २.१ मीटर आहे. म्हणजे १२.१ धरून चालतो. दोन गोष्टी अजून: कान कसे सांभाळायचे, आणि ५ मीटरवरचा थांबा एवढ्या उथळ डाइव्हला खरंच लागतो का?

शांततळ

कान. पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, त्यातही पहिले ३ मीटर सगळ्यात त्रासाचे. पाण्यात डोकं घालण्याआधीच एकदा कान मोकळे करा, मग दर अर्ध्या मीटरला, दुखण्याची वाट न बघता. पाय खाली ठेवून उतरा. उताराची जागा असल्यामुळे तुम्ही हवं तिथे थांबू शकता, हा या जागेचा मोठा फायदा. एक कान अडला तर अर्धा-एक मीटर वर या, मान दुसऱ्या बाजूला झुकवून अडलेला कान वर करा, घोट गिळा, मग हलकेच नाक दाबून फुंका. जोर लावायचा नाही. जोराने फुंकल्याने आतल्या कानाचा पडदा फाटू शकतो, आणि ते नुकसान कायमचं ठरू शकतं. दोन-तीनदा जमलं नाही तर डाइव्ह संपली, बडीने कुरकुर करायची नाही.

सर्दीत उतरू नका. नाक मोकळं करणारं औषध घेऊन तर मुळीच नाही: त्याचा परिणाम पाण्याखाली उतरला की वर येताना हवा कानात अडकते, आणि वर येणं टाळता येत नाही.

उथळ जागेची आणखी एक सवय: मधेच डोकं वर काढून दिशा बघायची, परत खाली जायचं. असे दातेरी चढ-उतार कानांना आणि फुप्फुसांना दोन्हींना वाईट. दिशा होकायंत्रावर ठेवा. जाताना खडक उजव्या हाताला, येताना डाव्या, आणि परतीचा कोन म्हणजे जायच्या कोनात १८० मिळवून किंवा वजा करून येणारा. आधी सगळ्यात खोल टोक गाठा, मग उताराने हळूहळू उथळाकडे या.

किनाऱ्यावरून उतरताना: बीसीडी अर्धी फुगलेली, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात. मास्क कपाळावर ठेवला की पहिली लाट तो घेऊन जाते. फिन कमरेइतक्या पाण्यात, एकमेकांचा खांदा धरून, आळीपाळीने घाला. वाळूवर पाय उचलून न टाकता घसटत चाला. वाळूत दबून बसलेला पाकट मासा त्या हालचालीने सरकतो, पाय पडला तर नांगी मारतो. बाहेर येताना लाटांच्या पट्ट्यातून पूर्ण सुटेपर्यंत रेग्युलेटर तोंडातच. पडलात तर उभं राहण्याचा हट्ट नको, हातापायांवर रांगत या.

मिशा असतील तर मास्कची वरच्या ओठावरची कड गळते. तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. केसांची एक बट कडेखाली आली तरी पाणी झिरपतं, तेव्हा टोपीची आणि कपाळाची कड बोट फिरवून बघा.

तळापासून फिन किमान अर्धा मीटर वर ठेवा. वाळू उडाली की पाच मिनिटं काही दिसत नाही, आणि बडी सुटतो तो अशाच वेळी.

खोलीमापक

थांब्याबद्दल. १२ मीटरच्या विनाथांबा डाइव्हला तो सक्तीचा नाही. तरी करावा असं माझं ठाम मत आहे. एकतर तोल खरोखर बसलाय का ते तिथे कळतं, आणि उताराने येणार असाल तर तुम्ही ५ मीटरवर आपोआप तीनपेक्षा जास्त मिनिटं असता. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत. शेवटचे ५ मीटर त्याहूनही सावकाश, किमान एक मिनिट.

१२.१ मीटरला माझा वरचा हिशोब: दाब २.२, दोघांचे तळाशी २ मिनिटांचे २६५ लिटर, वर यायला १९०, थांब्याला २७०. एकूण ७२५, म्हणजे ६५ बार. ७० चा आकडा अजून चालतो, वळण १३५ लाच.

विमानप्रवास असेल तर डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार एका विनाथांबा डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८.

वाळूतळ

असा आराखडा लिहिलाय, चूक असेल तर सांगा.
भरती ११:०० ला, १०:४० ला पाण्याखाली. आधी वजनाची चाचणी, मग एकमेकांची तपासणी: बीसीडी, वजनं, बकल, हवा, शेवटची नजर. कमाल खोली १२ मीटर. दर ५ मिनिटांनी गेज एकमेकांना दाखवायचा. वळण १३५ बार. ५ मीटरवर ३ मिनिटं. कमाल वेळ ३५ मिनिटं. सुटलो तर १ मिनिट शोधून वर. किनाऱ्यावर एक मित्र थांबणार आहे.

उधाणभरती

चांगला आहे. तीन भर घाला.

वजनाची चाचणी १०:४० च्या आधी वेळ धरून ठेवा, तिला १५ मिनिटं सहज लागतात. म्हणजे १०:२० ला पाण्यात. उशीर झाला तर डाइव्ह छोटी करा, शेवट ११:२० चाच ठेवा.

पृष्ठभागावरचा तरंगता बोया आणि त्यावर डाइव्हचं निशाण सोबत ओढत न्या. उथळात बोटीचा पंखा हा तळापेक्षा मोठा धोका आहे. दोरी हातात धरा, अंगाला किंवा बीसीडीला बांधू नका. बोटीत अडकली तर सोडता आली पाहिजे.

मित्राकडे कागदावर लिहून द्या: उतरलेली वेळ, दिशा, किती वाजता बाहेर येणार, आणि किती वाजेपर्यंत दिसलो नाही तर मदत बोलवायची. ११:२० ला बाहेर यायचं असेल तर ११:३५. बचाव पथकाचा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर त्याच कागदावर. अंगठा वर केला म्हणजे ‘वर जायचं’ हेही त्याला सांगून ठेवा. ‘सगळं ठीक’ची खूण बाहेर आल्यावर डोक्यावर हाताचं वर्तुळ करून द्या, ती लांबून दिसते, एक हात जोरात हलवला तर मदत हवी आहे.

अर्धाश्वास

आणि उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर, कोरडे असतानाच, एकमेकांचा जादा रेग्युलेटर तोंडात घेऊन दोन श्वास घ्या. तो कुठे अडकवलाय, नळी कुठल्या खांद्यावरून येते, आणि त्यातून हवा येते की वाळू अडकलीय, हे दोघांनाही हाताने माहीत असायला हवं. रेग्युलेटर पाण्यात तोंड वर करून सुटा पडला आणि हवा फसफसत सुटली तर घाबरू नका, तोंड खाली करून त्याच्या तोंडाच्या भोकावर बोट टेकवा, थांबते. नाहीच थांबली तर ती डाइव्ह तिथेच संपवून वर या.